जलाशयावरील तर : लहान होडी की मोठी?

भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्यात २१ मे २०२४ रोजी सायंकाळी एक प्रवासी होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील कुगावहून ती पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघाली होती. होडीत सात माणसे होती. त्यांपैकी एकजण पोहत काठाला लागला. उरलेल्या सहा जणांचा अंत झाला आणि त्यांत लहान मुलेही होती. एका काठावरून दुसऱ्या काठावरची झाडे दिसतात, परंतु रस्त्याने जावयाचे तर साऱ्या जलाशयाला वळसा घालावा लागतो. अशा ठिकाणी माणसे होडीत बसतात ती जलविहाराच्या हौसेने बसत नाहीत. पलीकडे मुलीचे सासर असते, बाजार असतो, दवाखाना असतो, कधी पूर्वीच्या गावाची उरलीसुरली जमीन असते. डेअरीचे कॅन, खताची पोती, शाळेची दप्तरे आणि बहुधा एखादी मोटारसायकल, असा सारा संसार त्या होडीतून रोज ये-जा करीत असतो.

या सभागृहात जमलेल्या सरपंच, शिक्षक व अधिकारी मंडळींपैकी ज्यांची गावे पाण्याच्या काठाला आहेत, त्यांच्यासमोर आज ना उद्या एक व्यावहारिक प्रश्न येणार आहे. ग्रामपंचायतीने किंवा मच्छीमार सहकारी संस्थेने उतारूंसाठी यांत्रिक होडी घेण्याचे ठरविले, निधीची कशीबशी तरतूद झाली, आणि टेबलावर दोन दरपत्रके आली. एक होडी लहान, दुसरी मोठी. लहान होडी स्वस्त, हलकी, चटकन वळणारी. मोठी महाग, जड, पण ऐसपैस. दोहोंतून एकच घेता येईल इतकेच पैसे आहेत. अशा वेळी निवड कशाच्या आधारे करावी?

उदाहरणादाखल दोन होड्या डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. पहिली फायबरची, १६ फूट म्हणजे सुमारे ४.९ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद. मागील फळीवर बाहेरून बसविलेले, दहा अश्वशक्तीचे पेट्रोलवर चालणारे आऊटबोर्ड इंजिन. नावाडी सोडून सहा उतारू. दुसरी २४ फूट म्हणजे सुमारे ७.३ मीटर लांब, २.२ मीटर रुंद, आत बसविलेले वीस अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, आणि दोन खलाशी सोडून बारा उतारू. आकडे ठिकठिकाणी बदलतील. परंतु गावपातळीवरील निवड बहुधा याच दोन मापांच्या आसपास होते.

नदीची तर आणि जलाशयाची तर

महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या जलाशयांच्या काठी आज जी होडी-संस्कृती आहे, ती नदीच्या तरीतून आलेली आहे. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. तत्पूर्वी भीमा ही इतर दख्खनी नद्यांसारखीच होती. पावसाळ्यात दुथडी भरून वाहावयाची आणि उन्हाळ्यात पायउतार व्हावयाची. तर चालत असे ती पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती. पात्र अरुंद, दोन्ही काठ हाकेच्या अंतरावर. नावाड्याला भय असे ते पाण्याच्या ओढीचे आणि भोवऱ्याचे. होडी किती वर नेऊन सोडली म्हणजे प्रवाह तिला नेमकी पलीकडच्या उतारावर आणून लावील, याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे येत असे, आणि ते ज्ञान पक्के होते.

धरण झाले आणि त्या नदीचा जणू समुद्र झाला. ओढ नाहीशी झाली. पाणी बारमाही झाले, आणि त्याची रुंदी काही ठिकाणी काही किलोमीटरपर्यंत गेली. आता भय पाण्याचे उरले नाही, वाऱ्याचे आले. नदीच्या अरुंद पात्रात वारा कितीही सुटला तरी त्याला लाट उठविण्यास जागा नसते. उघड्या जलाशयावर ती मुबलक असते. ताशी ५० ते ५५ किलोमीटर वेगाचा वारा पाच किलोमीटर लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून तासभर वाहिला, तर सर्वसाधारण लाटेची उंची अर्ध्या मीटरच्या घरात जाते आणि त्यांतील एखादी लाट तिच्या दीडपट-पावणेदोनपटही उठते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हेही येथे ध्यानी घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आरशासारखे दिसणारे पाणी दुपारनंतर वळवाच्या वाऱ्याने काही मिनिटांत खवळते. शेतकऱ्याला वळीव अंगणात गाठतो तेव्हा त्याची धावपळ होते एवढेच. तोच वळीव होडीला मध्यावर गाठतो तेव्हा धावण्यास जागा नसते.

म्हणून होडीची निवड करताना सकाळी नऊच्या शांत पाण्याचा विचार उपयोगी पडत नाही. दरपत्रक देणारा विक्रेता प्रात्यक्षिक दाखवितो ते नेमके सकाळीच दाखवितो. त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही. पण ज्यांना ती होडी वर्षानुवर्षे चालवावयाची आहे त्यांनी तीच होडी मे महिन्यातील दुपारी चार वाजता पाण्यावर उभी आहे, अशी कल्पना करून पाहावी.

रुंदीचा हिशेब

लांबी सर्वांच्या डोळ्यांत भरते. स्थैर्याच्या दृष्टीने मात्र रुंदीचे महत्त्व अधिक आहे. होडी एका बाजूस कलली असता तिला पुन्हा सरळ करणारे जे बळ पाण्याकडून मिळते, ते लांबीच्या प्रमाणात वाढते. परंतु रुंदीच्या बाबतीत ते रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वरील दोन होड्यांचा हिशेब केल्यास मोठी होडी लांबीला दीडपट व रुंदीला जेमतेम सव्वापटीहून थोडी अधिक आहे. तरीही हे बळ जवळजवळ चौपट भरते. हा हिशेब ढोबळ आहे. तळाचा आकार, वजनाची उंची यांनी तो कमीअधिक होतो. पण उतारूंची संख्या दुप्पट आणि सावरण्याची शक्ती चौपट, ही गोष्ट कोणत्याही शिक्षकाला फळ्यावर मांडून दाखविता येईल.

दुसरा हिशेब होडी पाण्यात किती बसते याचा. लहान होडी सुमारे ५५ किलो वजनामागे एक सेंटिमीटर खाली जाते. मोठीला तेवढेच खाली जाण्यास ११० किलोंच्या आसपास वजन लागते. सामानासह एका माणसाचे ७५ किलो धरले तर ठरल्यापेक्षा पाच माणसे जादा बसली असता लहान होडी सुमारे सात सेंटिमीटरने बसते, मोठी साडेतीन सेंटिमीटरच्या आतच. ज्या होडीची कड पाण्यावर मुळात ४० सेंटिमीटर आहे, तिच्या दृष्टीने सात सेंटिमीटर ही किरकोळ बाब नाही. त्यातून लाट आली की माणसे घाबरून एकाच बाजूला सरकतात. दोरखंड सुटावा तसा सारा तोल तेथे एकदम जातो.

मोटारसायकलीचा प्रश्न तर विशेष आहे. सव्वाशे किलोच्या आसपासचे हे वाहन आडवे ठेवता येत नाही. ते उभे राहते आणि कोणीतरी ते धरून उभा राहतो. म्हणजे दोन वजने एकदम उंचावर गेली. १.६ मीटर रुंदीच्या होडीत हे सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे. मोठ्या होडीत मधोमध, दोन्ही बाजूंनी दोरांनी जखडून, एक मोटारसायकल नेता येईल. मात्र तितके उतारू कमी करून.

शेवटची खेप

येथपर्यंतचा युक्तिवाद ऐकून एखादा पंचायत सदस्य म्हणेल की लहान होडीत सहाच माणसे बसविली, लाटा असताना ती सोडलीच नाही, तर ती धोक्याची कशी? त्याचे म्हणणे बरोबर आहे. सहा माणसांची होडी सहा माणसे घेऊन, शांत पाण्यावर, पुरेशी सुरक्षित असते. अडचण होडीत नसून काठावर उभ्या असलेल्या सातव्या, आठव्या आणि दहाव्या माणसात असते.

बाजाराच्या दिवसाचा विचार करावा. सायंकाळी साडेपाच वाजता अलीकडच्या काठावर अठरा माणसे घराकडे जाण्यासाठी उभी आहेत. पाण्याची रुंदी तीन किलोमीटर. लहान होडी हे अंतर सुमारे वीस मिनिटांत कापते. जाऊन येण्यास चाळीस मिनिटे, चढउतारास दहा. पहिली खेप साडेपाचला सुटली तर दुसरी सहा वाजून वीस मिनिटांनी, तिसरी सात वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे मे महिन्यातही सूर्यास्तानंतर. थंडीच्या दिवसांत दुसरी खेपच अंधारात जाते. या तिसऱ्या खेपेसाठी थांबण्यास कोण तयार होईल? ज्याचे मूल घरी एकटे आहे तो थांबणार नाही. ज्या बाईला अंधारात बांधावरून दोन किलोमीटर चालत जावयाचे आहे ती थांबणार नाही. नावाडी गावचाच असतो, काठावर उभी असलेली माणसे त्याच्या भावकीतली, ओळखीतली असतात. “अण्णा, एवढा एक जीव घ्या” असे कोणी म्हटल्यावर त्याला नाही म्हणवत नाही. वर शेवटची खेप वाचली तर त्याचे पेट्रोलही वाचते. अशा रीतीने सहाचे नऊ होतात. दुष्टपणाने नव्हे, भिडेने होतात.

मोठी होडी हेच अंतर सोळा मिनिटांत कापते आणि दोन खेपांत अठराही माणसांना पोचविते. दुसरी खेप सव्वासहाच्या आत सुटते. खलाशाला कोणालाही नाही म्हणण्याचा प्रसंगच येत नाही. होडीचे माप ठरविण्याची खरी कसोटी ही आहे. दिवसभरात एकूण किती उतारू, याची सरासरी काढून उपयोग नाही. आठवड्यातील सर्वांत गर्दीच्या दिवशी, शेवटच्या दोन खेपांच्या वेळी काठावर किती माणसे असतात, हे चार आठवडे मोजावे. हे काम शाळेचे शिक्षक किंवा ग्रामसेवक एका वहीत सहज करू शकतात. त्या संख्येच्या निम्म्याहून कमी क्षमतेची होडी घेणे म्हणजे गर्दी भरण्याचे निमंत्रण स्वतःहून देणे होय.

क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसविल्याने काय होते, याची उदाहरणे दुर्दैवाने ताजी आहेत. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शालेय सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. डहाणूच्या समुद्रात १३ जानेवारी २०१८ रोजी विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली होडी उलटली आणि तीन मुलींचा बळी गेला. मात्र होडी मोठी घेतली म्हणजे हा धोका संपला, अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. केरळातील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी बुडालेली होडी लहान नव्हती, दुमजली होती. तीत २२ जण मरण पावले. मूळच्या मासेमारीच्या होडीत बदल करून ती प्रवासी होडी बनविलेली होती. वर मजला चढविला, माणसे उंचावर बसली, की रुंदीने मिळवून दिलेले स्थैर्य हातचे जाते. यास्तव मोठी होडी घेणाऱ्या पंचायतीने तिच्यावर पक्के छप्पर किंवा बसण्याजोगा टप मुळीच करून घेऊ नये. उन्हासाठी कापडी छत पुरे. तेही वारा सुटताच क्षणात गुंडाळता येईल असे.

काठाची अडचण

मोठ्या होडीच्या विरुद्ध असलेला सर्वांत सबळ मुद्दा पाण्यात नाही, चिखलात आहे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यापैकी निम्म्याहून अधिक मृत साठा. उन्हाळ्यात पाणीपातळी उणे जाते आणि पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते, हे त्या भागात सर्वांच्या परिचयाचे आहे. जानेवारीत जेथे होडी लागते ती जागा मे महिन्यात कोरड्या भेगाळ जमिनीचा पट्टा होऊन बसते. पाणी पुढे सरकते आणि तर त्याच्या मागे मागे जाते.

लहान होडी साधारण ३० सेंटिमीटर पाण्यात तरंगते. आतील इंजिनाच्या मोठ्या होडीला, पंखा तळाखाली असल्याने, ६० सेंटिमीटर तरी पाणी लागते. काठाचा उतार तीस मीटरला एक मीटर असा मंद असेल, तर केवळ या फरकामुळे मोठी होडी काठापासून आणखी नऊ मीटर दूर थांबते. नऊ मीटर हे अंतर कागदावर क्षुल्लक आहे. गुडघाभर गाळातून गरोदर स्त्रीला, वृद्धाला किंवा दप्तर डोक्यावर घेतलेल्या मुलाला ते कापावे लागते तेव्हा त्याचा अर्थ कळतो. शिवाय बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळींचे खुंट हे सारे उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात. आऊटबोर्ड इंजिन उथळ जागी वर उचलता येते. आतील इंजिनाच्या पंख्याचा दांडा खुंटावर आदळला तर वाकतो, आणि होडी ऐन हंगामात पंधरा दिवस बंद पडते.

म्हणून मोठी होडी घ्यावयाची तर तिच्याबरोबर तरंगता धक्का घेतलाच पाहिजे. हवाबंद पिंपांवर फळ्या बांधून केलेला, पातळीबरोबर पुढेमागे सरकविता येणारा, बाजूला हाताने धरण्यास दोर असलेला साधा धक्का पुरतो. दोन्ही काठांवर एकेक. त्याचा खर्च होडीच्या अंदाजपत्रकातच धरावा. तो “पुढील वर्षी पाहू” म्हणून सोडला की पुढील वर्ष येत नाही, हा अनेक योजनांचा अनुभव आहे. धक्क्यासाठी पैसे उरत नसतील तर इंजिनाच्या अश्वशक्तीत काटकसर करावी, होडीच्या रुंदीत करू नये.

ही काटकसर कशी शक्य आहे? पाणी कापीत जाणाऱ्या, वेगाने वर उचलल्या न जाणाऱ्या होडीची गती मुख्यतः तिच्या पाण्यातील लांबीवर अवलंबून असते. वरील लहान होडीची किफायतशीर गती ताशी साडेनऊ किलोमीटरच्या सुमारास, मोठीची साडेअकराच्या सुमारास संपते. त्यापुढे इंजिन दुप्पट मोठे केले तरी होडी फारशी वेगाने जात नाही. ती फक्त अधिक मोठी लाट उठविते आणि अधिक इंधन पिते. उतारूंच्या होडीला चाळीस अश्वशक्तीचा हव्यास धरणे हे निव्वळ दिखाऊपणाचे आहे. बंद पडलेल्या होड्या ओढून आणणे, पुरात लोकांना बाहेर काढणे ही कामे वेगळी. त्यांची होडीही वेगळी असावी.

इंधन आणि दुरुस्ती

दहा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण जोरावर तासाला पावणेचार लिटरच्या आसपास पेट्रोल घेते. वीस अश्वशक्तीचे डिझेल इंजिन सुमारे पाच लिटर डिझेल घेते. म्हणजे तीन किलोमीटरच्या एका फेरीस दोहोंनाही साधारण सव्वा ते दीड लिटर इंधन लागते. लहान होडी त्यात सहा माणसे नेते आणि मोठी बारा. होडी भरलेली असेल तर दरडोई खर्च निम्मा. परंतु दुपारच्या वेळी दोनच उतारू असतील तर मोठी होडी तोट्यात जाते, शिवाय तिला दोन माणसांची मजुरी द्यावी लागते. खलाशी मग उतारू जमेपर्यंत झाडाखाली बसून राहतो आणि दोन उतारू तासभर काठावर उन्हात. मोठ्या होडीचा हा दोष खरा आहे. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे वेळापत्रक. भरो वा न भरो, ठरल्या वेळी होडी सुटलीच पाहिजे, आणि दुपारच्या तोट्याची भरपाई सकाळ-संध्याकाळच्या भाड्यातून झाली पाहिजे. ज्या पंचायतीला वेळापत्रक पाळणे जमणार नाही तिने मोठ्या होडीच्या भानगडीत पडू नये.

दुरुस्तीच्या बाबतीत दोन्ही बाजूंना थोडेथोडे माप जाते. आऊटबोर्ड इंजिन चाळीस किलोंच्या आसपास असते. दोघेजण ते रात्री उचलून घरी नेऊ शकतात, चोरीचे भय उरत नाही, बिघडले तर गाडीवर घालून शहरात नेता येते. पण शहरात न्यावे लागतेच. डिझेल इंजिन जागचे हलत नाही; उलट शेतीपंपाचे इंजिन खोलून जोडणारा मिस्त्री प्रत्येक मोठ्या गावात असतो आणि तो काठावर येऊन काम करू शकतो. सुटे भागही तालुक्याच्या ठिकाणी मिळतात.

रुग्णाच्या सोयीचा विचार येथेच उरकता येईल. सुमारे दोन मीटर लांबीचा स्ट्रेचर सोळा फुटी होडीत ठेवला की तिच्यात नावाडी आणि एक नातेवाईक एवढ्यांनाच जागा उरते; परिचारिकेला उरत नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे वेढलेल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील गावांसाठी तरंगते दवाखाने चालविण्यात आले, ते अर्थातच याहून मोठ्या होड्यांवर. उलट रात्री दोन वाजता एकटा नावाडी उठून जिला सुरू करू शकतो ती लहान होडीच होय. शेजारच्या दोन पंचायतींनी मिळून एक मोठी व एक लहान अशी जोडी ठेवली, तर दोन्ही गरजा भागतील.

लहान होडी कोठे घ्यावी

प्रत्येक जलाशय उजनीसारखा उघडा व पसरट नसतो. डोंगरांच्या कुशीत शिरलेले पाण्याचे अरुंद फाटे असतात. काही मध्यम प्रकल्पांत दोन काठांतील अंतर तीन-चारशे मीटरच असते. तेथे वाऱ्याला मोठी लाट उठविण्यास जागा मिळत नाही, फेरी पाच मिनिटांत होते, आणि तिसऱ्या खेपेसाठी कोणाला पाऊण तास ताटकळावे लागत नाही. अशा ठिकाणी लहान होडी निःशंकपणे घ्यावी. तेथे मोठी होडी म्हणजे भूषणावह ओझे. मात्र एकाच जलाशयात दोन्ही प्रकार असू शकतात. सातारा जिल्ह्यातील कोयनेचा शिवसागर लांबट असून त्याचे फाटे डोंगरांत शिरलेले आहेत. बामणोली-तापोळ्याच्या बाजूस जिल्हा परिषदेने लाँचसेवा चालविली ती मुख्य पाण्यावरील लांब पल्ल्यासाठी. आतल्या एखाद्या वाडीच्या उतारावर तीच लाँच नेणे सयुक्तिक ठरणार नाही.

होडी कोणतीही असो, काही गोष्टींत निवडीला वाव नाही. १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाने यांत्रिक होडीची तपासणी, नोंदणी, विमा आणि ती चालविणाऱ्याचे प्रमाणपत्र यांविषयी तरतुदी केल्या आहेत. महाराष्ट्रात याबाबत महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे, आणि जलाशयाच्या वापरासाठी जलसंपदा विभागाकडे जावे लागते. ही कागदपत्रे होडी घेतल्यानंतर नव्हे, मागणी नोंदविण्यापूर्वी पाहावीत. कारण काही बांधणीदार तपासणीत न टिकणाऱ्या होड्याही विकतात. फायबरच्या होडीत फोम भरलेले हवाबंद कप्पे असावेत, म्हणजे पाण्याने भरली तरी ती तळाशी जात नाही आणि माणसांना धरून राहण्यास आधार उरतो. जीवरक्षक जाकिटे उतारूंइतकी असावीत, त्यांत मुलांच्या मापाचीही असावीत, आणि ती फळीखाली बांधून न ठेवता अंगावर घातलेली असावीत. मोठ्यांच्या मापाचे जाकीट तीन वर्षांच्या मुलाच्या अंगातून वरच्या वर निघून जाते, याचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो.

राहता राहिली प्रत्यक्ष परीक्षा. पैसे चुकते करण्यापूर्वी होडी गावच्या काठावर आणवावी. विक्रेत्याने सांगितलेल्या क्षमतेच्या प्रत्येक माणसामागे ७५ किलो धरून ५० किलोची वाळूची पोती भरावीत; सहा उतारूंच्या होडीस नऊ, बारा उतारूंच्या होडीस अठरा, आणि खलाश्यांची निराळी. पोती तळात टाकू नयेत, माणसे जेथे बसतात त्या फळ्यांवर ठेवावीत, कारण वजनाची उंची तीच असली पाहिजे. मग पट्टीने पाण्यावर उरलेली कड मोजावी. त्यानंतर एका बाजूची निम्मी पोती दुसऱ्या बाजूला सरकवावीत आणि पुन्हा मोजावे. या वेळी होडीत कोणीही बसू नये. ती दोराने काठाशी बांधलेली असावी. ग्रामपंचायतीचे सदस्य, शाळेचे मुख्याध्यापक आणि होडी चालविणारे खलाशी या सर्वांनी ते माप पाहावे. एका बाजूला कललेल्या स्थितीत कड पाण्यावर वीतभरही उरत नसेल, तर सांगितलेली क्षमता कमी करून घ्यावी, नाहीतर होडी परत पाठवावी. माप पंचायतीच्या नोंदवहीत लिहावे. ठरलेल्या भारापाशी होडीच्या दोन्ही अंगांना तांबडी रेघ ओढावी, आणि उतारूंची संख्या मोठ्या अक्षरांत होडीच्या बाहेरच्या बाजूस रंगवावी. आत रंगविली तर ती बसलेल्यांनाच दिसते. काठावर उभ्या असलेल्या माणसांना ती वाचता आली पाहिजे.